शाहिराचं कवन कच्चं नव्हतं

म्हाळबा शाहिरांच्या शोकसभेत एका वक्त्यानं त्यांना माफ करून टाकलं. "शेवटी शेवटी शाहिरांनीही थोडी तडजोड केली असेल, पण माणूसच ते. आपण त्यांचा आवाज तेवढा लक्षात ठेवू," असं तो म्हणाला. सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. मीही हलवली.

म्हणून हे लिहितो आहे. शाहिरांनी तडजोड केली नव्हती. ती मी केली होती. पण ते नीट कळायचं तर आधी शाहीर कळायला हवेत, आणि गाण्याची त्यांची रीत कळायला हवी.

शाहीर धनगराच्या घरातले. बापानं जन्मभर मेंढरं राखली, थोरला भाऊ अजून राखत होता. शाहिरांचा आवाज गोड होता असं कुणी म्हणत असेल तर त्यानं तो ऐकलेला नाही. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला गेलेल्या मेंढराला हाक मारावी तसा तो होता, कोरडा आणि लांबवर जाणारा. कुणी माईक पुढं केला की ते तो हातानं बाजूला सारायचे. "ह्याच्यातून गेला की माझा आवाज बारीक होतो भाऊसाहेब," म्हणायचे. सरपंच असो की रस्त्यावरचा पंक्चरवाला, त्यांच्या लेखी सगळे भाऊसाहेब.

स्टेजवर ते कधी चढले नाहीत. बाजाराच्या दिवशी गावात उतरायचं, चहाच्या टपरीवर जायचं आणि भट्टीच्या धगीवर डफ धरायचा. दमट हवेत डफाचं कातडं सैल पडतं, त्याला शेकावं लागतं. टपरीवाला ओरडायचा, "ओ शाहीर, सरका की, चहा उतू जाईल!"

"जाऊ दे. चहा गेला तर एक कप जातो. डफ ओला राह्यला तर अख्खं गाव जातं माझं."

डफ ते बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेऊन एसटीत बसायचे. कंडक्टरनं सामानाचं तिकीट मागितलं की लुगड्याचं टोक बाजूला करून म्हणायचे, "लेकरू हाय हो माझं. पाच वर्षांच्या आतलं." एकदा कंडक्टर म्हणाला, "दर वेळी पाच वर्षांच्या आतलंच कसं?" तर म्हणाले, "नवं कातडं चढवतो ना."

गाणी असायची ती तोडलेल्या झाडांची, खडी क्रशरच्या धुळीची, बुजवलेल्या विहिरींची, आणि माणसामाणसांत लागलेल्या भांडणांची. त्यांना हे दोन वेगळे विषय वाटत नसत. "पाणी नासलं की माणूस नासतो, अन् माणूस नासला की पाणी," एवढंच म्हणायचे आणि डफावर थाप मारायचे. शिव्या मात्र गाण्यात चालायच्या नाहीत. मी एकदा एका ओळीत क्रशरवाल्याला शिवी सुचवली तर म्हणाले, "शिवी घातली की ऐकणाऱ्याचा राग फिटतो. मग तो घरी जाऊन जेवतो. तसं नाय पायजे."

मी त्यांना भेटलो तेव्हा मी कामाला होतो ती सूतगिरणी बंद पडली होती. शहराला आम्ही तेव्हा औरंगाबादच म्हणायचो. चौदा एप्रिलच्या जयंतीला आमच्या वस्तीत मी तुणतुणं घेऊन गायला उभा राहिलो होतो. गाणं संपल्यावर हा उंच, काटक माणूस पुढं आला आणि म्हणाला, "आवाज बरा हाय. खोटं बोलतोस का?"

मी चिडून म्हणालो, "नाही."

"मग झीलकरी हो माझा."

शाहिराच्या मागं उभा राहून जो ओळीचं शेपूट उचलतो आणि "जी जी रं जी" म्हणतो, तो झीलकरी. इतर शाहिरांकडं झीलकरी म्हणजे सुराला टेकू. म्हाळबांकडं तो साक्षीदार होता. ही त्यांची स्वतःची रीत, दुसरीकडं कुठं मी पाहिली नाही. कवनात जी गोष्ट सांगायची ती झीलकऱ्यानं आधी स्वतः जाऊन पाहायची. पाहिली असेल तरच जी म्हणायचं. मी विचारलं होतं, "शाहीर, तुम्ही बघितलंय ना? मग झालं की." तर म्हणाले, "गाणाऱ्याची साक्ष धरायची नसती. त्याला टाळी पायजे असती. टाळीसाठी तो कायबी बघंल."

प्रत्येक गावात सुरुवातीलाच माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, "हा भीमराव. ह्यानं डोळ्यानं बघितलंय. ह्यानं जी म्हटलं तर गाणं खरं धरा. नाय म्हटलं तर उठून घरी जा." लोक हसायचे, पण ध्यानात ठेवायचे. नंतर नंतर तर लोक गाण्यात त्यांच्याकडं कमी आणि माझ्या तोंडाकडं जास्त बघायचे.

एकदा पैठणकडच्या एका गावात मला यायला उशीर झाला. धावत जाऊन थेट त्यांच्या मागं उभा राहिलो. कवन होतं कचरा टाकून बुजवलेल्या विहिरीचं. ओळ आली आणि सवयीनं माझ्या तोंडून जी गेलं. शाहिरांनी डफ थांबवला.

"कधी बघितली रं विहीर?"

लोक खदखदा हसायला लागले. "बसा भाऊसाहेब, आलोच," असं लोकांना सांगून ते माझं मनगट धरून भर उन्हात चालायला लागले. विहिरीच्या काठावर मला ओणवं केलं. आत प्लास्टिक, फुटके माठ, एक मेलेलं कुत्रं. परत येऊन त्यांनी कवन पहिल्या ओळीपासून सुरू केलं. एसटीत मी तोंड फुगवून बसलो होतो.

"चार लोकांत लाज काढली माझी."

"लाज नाय काढली येड्या. तुझं जी जड केलं. आता उचलून बघ, कसं लागतं."

त्याच सुमारास ढोलकीला शब्बीर आला. शहरातलाच, लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा, तोंडानं फटकळ. आम्हा तिघांची सगळ्यात मोठी परीक्षा सिल्लोडला झाली. कुठल्यातरी मोबाईलवर एक व्हिडिओ फिरला होता आणि बाजाराच्या दिवशी अर्धी दुकानं बंद होती. रस्त्याच्या दोन बाजूंना दोन जमाव उभे होते. कापसाच्या गाड्या मध्येच सोडून गाडीवान निघून गेले होते. शब्बीर म्हणाला, "शाहीर, आज नक्को. आज डफ नहीं, डोकं फुटता."

"मग डोकं तापवून घेऊ," म्हणून शाहीर टपरीच्या भट्टीकडं गेले. टपरीवालाही कावराबावरा होता. "क्या शाहीर, आज भी?" त्यानं विचारलं.

"आजच."

ते दोन जमावांच्या मधोमध खाली बसले आणि सुरू केलं:

"ह्याला त्यानं सांगितलं, अन् त्याला सांगितलं कुणी?
ज्यानं बघितलं डोळ्यानं, म्होरं यावं त्यांनी."

माझी पाळी आली तेव्हा मी जी म्हटलं नाही. मी काहीच पाहिलं नव्हतं, आणि म्हणायचं नाही हे आमचं आधीच ठरलं होतं. शाहीर वळून म्हणाले, "का रं, भीमराव?"

"मी नाय बघितलं."

"मग कुणी बघितलं?" ते एका बाजूच्या तरुणाकडं वळले. "तू बघितलं, भाऊसाहेब?"

"मामानं पाठवला व्हिडिओ."

"मामा कुठंय?"

"पुण्याला."

दुसऱ्या बाजूला विचारलं. तिथं मेहुण्यानं पाठवला होता, तो दुबईला. असं करत करत ते दहा-बारा जणांपर्यंत गेले. प्रत्येक उत्तरावर शब्बीर ढोलकीवर एक थाप द्यायचा आणि पुढं पुढं थापेआधीच लोक हसायला लागले. शेवटी एक म्हातारा बागवान टोपली खाली ठेवत म्हणाला, "अरे, किसीने देखाच नहीं तो मेरे केले क्यूं सड़ा रे?" त्या हसण्यानं रस्ता मोकळा झाला. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी दगड उचलला गेला नाही, आणि संध्याकाळी दुकानांची शटर वर गेली. परतताना शाहीर म्हणाले, "बघ, तुझ्या न म्हणण्यातबी किती जोर हाय."

ते वाक्य पुढं मला किती नडणार होतं हे दोघांनाही माहीत नव्हतं.

वाळूजच्या पलीकडं नाल्याकाठी एक गाव आहे. त्याचं नाव इथं घेत नाही, आणि त्या कारखान्याचंही नाही. शाहिरांच्या भावाचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, तिथं उतरला होता आणि नाल्याचं पाणी पिऊन त्याची मेंढरं दगावली होती. शाहिरांनी मला बोलावून घेतलं. शब्बीर एका लग्नाला गेला होता, त्यामुळं आम्ही दोघंच गेलो. बाभळीच्या आडोशाला बसलो. दुपार कलताना टँकर आला, मागं मागं येत नाल्याच्या काठाला लागला, ड्रायव्हरनं उतरून नळी सोडली. पिवळट पाणी धो धो पडायला लागलं आणि थोड्याच वेळात सगळा नाला फेसानं भरला. डोळे चुरचुरले. टँकर ज्या फाटकातून आला होता त्याच फाटकात परत गेला. सगळं मी माझ्या डोळ्यानं पाहिलं. शाहीर एवढंच म्हणाले, "बघितलंस?"

"बघितलं."

कवन त्यांनी परतीच्या वाटेवरच जुळवलं:

"आमच्या नाल्याला फेस आला दुधावानी,
म्हैस कुणाची, धार कुणाची, सांगा रं कुणी!"

आठवड्याभरात ते आसपासच्या गावात शेळ्या वळणाऱ्या बायांच्या तोंडी बसलं. कारखाना तेव्हा वाढवायचा होता आणि त्यासाठी त्या गावात सरकारी जनसुनावणी लागली होती. गावकऱ्यांनी ठरवलं की तिथं आपल्या वतीनं शाहीर गातील.

माझा मुलगा संदीप त्याच कारखान्यात ठेकेदाराकडं कामाला होता. सुनावणीच्या आधी तिथला एक माणूस आमच्या घरी आला. सभ्य माणूस. चहा घेतला, माझ्या तुणतुण्याचं कौतुक केलं. जाताना म्हणाला, "काका, संदीपचं परमनंटचं चाललंय. चांगला पोरगा आहे. आता मध्ये काही नको यायला." बस, एवढंच. धमकी म्हणावी असं त्यात काही नव्हतं. सूतगिरणी बंद पडल्यावरची वर्षं मला आठवत होती. परमनंट हा शब्द आमच्या घरात देवाच्या जागी होता, आणि आमच्या घरात देव नाहीत.

मी शाहिरांना तेव्हाच सांगायला हवं होतं. ते म्हणाले असते, बरं, तू नको येऊ, दुसऱ्या कुणाला दाखवून आणतो. त्यांना राग आला नसता. पण मला त्यांच्या नजरेतही मोठं राहायचं होतं आणि पोराची नोकरीही हवी होती. म्हणून तुणतुणं घेऊन मी गेलो.

मांडवात पुढं अधिकारी, एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला कंपनीच्या बसमधून आणलेले कामगार. त्यांच्यात संदीप, कंपनीच्या शर्टात. अधिकाऱ्यांनी शाहिरांना बोला म्हटलं. शाहीर म्हणाले, "साहेब, बोलायला येत नाय. गातो." अधिकारी हसले, गा म्हणाले. शाहीर मांडवात खालीच बसले आणि नेहमीसारखा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हा भीमराव. ह्यानं बघितलंय."

फेसाची ओळ आली, गाव हसलं. धारेची आली, टाळ्या पडल्या. मग ती ओळ आली, जिच्यासाठी सगळं कवन होतं. टँकर आला, कुठून आला, कुणी पाहिला. तिथं माझं जी हवं होतं.

मी तुणतुण्याची तार छेडत राहिलो. तोंड उघडलं नाही.

त्यांना वाटलं, माझ्याकडून सुटलं. त्यांनी ओळ पुन्हा घेतली. मी संदीपकडं बघत होतो, तो जमिनीकडं. तिसऱ्यांदा त्यांनी ती हळू आवाजात म्हटली, जवळजवळ माझ्या एकट्यासाठी, आणि मान वळवून माझ्याकडं पाहिलं. किती वेळ पाहिलं ते सांगता येणार नाही. मग त्यांची नजर माझ्या नजरेच्या मागं मागं कामगारांच्या रांगेत गेली आणि संदीपवर थांबली. त्यांना कळलं. मला अजून वाटतं, त्यांना सगळं त्या क्षणी कळलं.

शब्बीरनं ढोलकी थांबवली नव्हती. तो माझ्या कानाशी फुसफुसला, "चाचा, बोलो ना." त्यानं स्वतः पाहिलं नव्हतं, त्यामुळं तो जी म्हणू शकत नव्हता. आणि शाहिरांच्या पाहण्याला शाहिरांच्याच नियमानं किंमत नव्हती.

एका गावकऱ्यानं विचारलं, "काय झालं शाहीर? भीमराव का बोलंना?"

माझ्यावर बोट दाखवायला त्यांना एक शब्द पुरला असता. त्यांनी डफ मांडीवर उताणा ठेवला. "भाऊसाहेब, कवन कच्चं हाय," ते म्हणाले. "चूक माझी. भीमरावाची नाय."

पहिल्या टाळ्या कंपनीच्या बाजूनं पडल्या. गावातले लोक एकेक करून उठले. झीलकऱ्यानं जी म्हटलं नाही तर उठून घरी जायचं, हे त्यांना शाहिरांनीच वर्षानुवर्षं शिकवलं होतं.

परतताना टेम्पोत शब्बीर माझ्यावर तुटून पडला. "तुमने देखा था ना? हौ की नक्को, इतनाच बोलो!"

"गप बस शब्बीर," शाहीर म्हणाले. "घसा बसलाय त्याचा."

आणि मी गळ्याला हात लावला. खोकलोसुद्धा.

कारखाना वाढला. संदीप परमनंट झाला. शाहीर फुटले, कंपनीनं त्यांचं तोंड बंद केलं, असं आधी त्या गावात आणि मग सगळीकडं बोललं जाऊ लागलं. भर मांडवात माणूस कवन अर्ध्यावर सोडतो, स्वतःच्या तोंडानं चूक कबूल करतो, याचा दुसरा अर्थ लोकांनी तरी काय लावावा? बोलावणी कमी झाली. भावानं बोलणं टाकलं. एकदा चौकात चहाच्या गाड्यावर एक ओळखीचा मला म्हणाला, "तुम्ही तर शेजारीच होता. खरंच घेतले का हो शाहिरांनी?" मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "काय सांगावं बाबा. माणूसच आहे." शोकसभेत तो वक्ता जे बोलला ते शब्द असे माझेच होते. फिरत फिरत माझ्याकडं परत आले.

मी पुन्हा शाहिरांकडं गेलो नाही. त्यांनी दोनदा निरोप पाठवला की ये, काही मनात धरू नको. मनात त्यांनी काही धरलं नाही हेच मला सोसत नव्हतं. संदीपला मी हे लिहितोय असं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आबा, आता कशाला?" मग थोड्या वेळानं म्हणाला, "लिहा. माझंही नाव घाला." घातलं आहे.

शाहिरांना मी शेवटचं पाहिलं ते करमाडला. जालन्याकडं एका लग्नाला निघालो होतो. काळी-पिवळी करमाडच्या बाजारापाशी पॅसेंजर भरायला थांबली. तेवढ्यात तो आवाज आला. वाकून पाहिलं. रस्त्याच्या कडेला एकटेच बसले होते, केस सगळे पांढरे. ढोलकी नाही, झीलकरी नाही. रस्ता रुंद करताना तोडलेल्या वडांचं कवन होतं. ओळीच्या शेवटी थांबत आणि समोरच्या माणसांना म्हणत, "जावा, रस्त्यापलीकडं खोड हाय. बघून या, मग जी म्हणा." एक भाजीवाली खरंच उठली. तराजू तसाच सोडून रस्ता ओलांडून गेली, खोडाभोवती फिरली, वाकून हात लावला आणि परत येऊन मोठ्यानं म्हणाली, "जी!" आणखी दोघं उठले. एवढं नाव गेल्यावरही तो माणूस लोकांना उठवून बघायला लावत होता.

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "ओ शाहीर, वडाचं ऱ्हाऊ द्या. कंपनीनं काय काय दिलं ते सांगा की!"

मी पाय बाहेर टाकला होता. जमिनीला टेकायचाच बाकी होता.

शाहीर हसले. "लई दिलं की रं. फेस दिला, वास दिला, मेंढरांची कातडी दिली. तुला काय पायजे?" लोक हसले. हसता हसता त्यांची नजर गाडीकडं आली आणि मी दिसलो. ओळखलं, यात शंका नाही. ओरडणारा माणूस, शाहीर कुणाकडं बघतात म्हणून मागं वळायला लागला, तसे शाहीर गर्रकन पाठमोरे झाले आणि डफावर जोरानं थाप मारून त्यांनी सगळ्यांचं लक्ष आपल्याकडं ओढून घेतलं.

गाडी सुरू झाली होती. ड्रायव्हर मान मागं करून म्हणाला, "काका, उतरता का बसता?"

"बसतो," मी म्हणालो, आणि पाय आत घेतला.